साखळीतला हात

बाहत्तर साल, मी एकोणीस वर्षांचा. आमच्या कबड्डीच्या संघात डाव्या कोपऱ्याची जागा एक, आणि ती मागणारी पोरं डझनभर. इतक्या वर्षांनी, परवा मैदानावर दोन पोरं हातात हात घालून साखळी धरून उभी दिसली, बोटं पांढरी पडेस्तोवर, आणि ती जुनी भीती पुन्हा आठवली.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी साखळीत माझा हात महादूच्या हातात होता. कोपरा त्यालाही हवा होता.

"घाम तुझा का रं?" तो म्हणाला.

"तुझाच असंल."

मारक्या बैलाला मी कधी भ्यालो नाही, त्या ओल्या हाताला भ्यालो. ज्याच्या भरवशावर पकड करायची, त्यानंच चुकावं असं मनात यायचं. त्याच्याही मनात तेच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निवडीआधी, मी मैदानातली माती उचलली, हात निसटू नये म्हणून स्वतःच्या हाताला चोळली, आणि उरलेली महादूच्या.