गार खोली आणि दारातला तांब्या

वडील गेल्यावर आईला मी आमच्या खेड्यातून, जवळच्याच गोरेगावहून, हिंगोलीला आणलं ते एका यंत्राच्या भरवशावर. आदल्या उन्हाळ्यात शेतातून येताना तिला ऊन लागलं होतं आणि थंडीत तिचे गुडघे धरायचे. डॉक्टर म्हणाले, यांना फार ऊन नको, फार थंडीही नको. आमच्या भागात असं गाव कुठून आणायचं? मी नांदेडहून एसी आणला, उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारा. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. गल्लीत कूलर सगळ्यांकडे होते, एसी कुणाकडेच नव्हता. मला त्याचा संकोच वाटायचा. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना, त्यांनी विचारलं नसतानाही, तो आईसाठी घेतलाय हे मी सांगत सुटायचो.

आई आली, पण अट घालून.

"आखितीपस्तोर राहीन. करमलं तर बरं, न्हाई तर माझं घर हाये तिकडं."

अक्षय तृतीयेला वडिलांच्या नावानं पाण्याची घागर भरायला ती गावी जाणारच होती. तिथून ती माझ्याबरोबर परत येईल का, एवढाच प्रश्न घेऊन मी ते सगळे महिने काढले. तिला तिच्या मातीतून उपटल्याचं ओझं माझ्यावर होतं, आणि ती राहावी हा हट्टही माझाच होता.

हिवाळा छान गेला. आईला वाचता येत नव्हतं, ती रिमोटवरची चित्रं ओळखायची. सूर्य म्हणजे ऊब. गारव्याच्या चांदणीला ती रांगोळी म्हणायची. बटण दाबल्यावर ऊब यायला जरा वेळ लागतो, तेवढा वेळ ती चूल पेटायची वाट बघावी तशी यंत्राकडे बघत बसायची. मग "पेटलं" म्हणून पाय पुढे करायची. आतली जाळी धुण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. माझ्या जुन्या ब्रशनं घासायची, सावलीत वाळवायची आणि माझी बायको ती बसवताना चुकली की खाटेवरून सांगायची, "आधी उजवी बाजू, सूनबाई." नळीतून ठिबकणारं पाणी उन्हाळा लागल्यावर तिनं कढीपत्त्याला लावलं.

उन्हाळ्याबरोबर भांडणही लागलं. भांडण दाराचं होतं. कूलर होता तेव्हा मीच तिला शिकवलं होतं की खिडकी उघडी ठेव, नाहीतर खोलीत दमटपणा भरतो. आता तोच मी म्हणत होतो, सगळं बंद ठेव. आईला दोन्हीतलं एकच पटत होतं. मी कॉलेजातून यावं तर यंत्र घरघरतंय, दार सताड उघडं आणि आई उंबऱ्याशी बसलेली. तिच्या गावात दिवसा दार लावलेलं घर म्हणजे एक तर माणसं लग्नाला गेलेली, नाही तर घरात काही बरंवाईट झालेलं.

"जित्या माणसानं दुपारी दार काहून लावावं?" ती विचारायची. मी तिला गार हवा बाहेर कशी जाते ते समजावायचो, वर्गात शिकवतो तशा आवाजात. तो आवाज मला आजही आवडत नाही. शेवटी ती दार लावू लागली. गावाहून आणलेलं गाठोडं तिनं माळ्यावरून काढून पेटीवर ठेवलं.

मग बायकोनं एकदा हसत सांगितलं की सासूबाई भारनियमनाची वाट बघतात. वीज गेली की यंत्र बंद, दार उघडं. मग गल्लीतल्या बायका आईकडे येऊन बसायच्या. वीज आली की मी सांगून ठेवल्याप्रमाणे दार बंद, आणि बायका आपापल्या घरी. मी एवढं यंत्र आणलं आणि माझी आई वीज जावी म्हणून देवाला हात जोडत होती. मला हसू आलं नाही.

चैत्र संपत आला तसं यंत्र मधेच बंद पडू लागलं. दुरुस्तीवाल्यानं आतलं सगळं तपासलं आणि म्हणाला, बाहेरच्या डब्याला श्वास घ्यायला जागा आहे का, तेवढं बघा. आम्ही परसात गेलो. मागच्या भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवर तो डबा गरम हवा फेकत होता. त्याच्या तोंडाशी बाज, बाजेवर जुन्या लुगड्यावर कुरडया आणि सांडगे. धूळ बसू नये म्हणून दुसरं लुगडं पडद्यासारखं थेट पंख्यापुढे ताणलेलं. कडेला आई आणि गल्लीतल्या तीन-चार बायका, घामानं भिजलेल्या, गप्पा मारत. आत मी तिच्यासाठी केलेली गार खोली रिकामी होती.

माझा संयम सुटला. तुला ऊन लागलं होतं ना, मी म्हणालो, मग ही झळ कशाला अंगावर घेतेस?

"एवढी ऊब वाया जाऊन राहिली व्हती," ती म्हणाली.

शेजारची बाई पदरानं वारा घेत म्हणाली, "सर, तुमी बसा आत गारव्यात. आमाला ही तुमची झळच बरी." सगळ्या हसल्या. आई हसली नाही. कुरडई उलटत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत गार लागतं रे बाबा, बराबर लागतं. पण आत कुनी येत न्हाई."

मी बाज भिंतीपासून लांब सरकवली आणि पडदा सोडून काढला. मग शेजारणीला म्हणालो, दार लावलेलं असलं तरी लोटून आत येत जा, कडी नसते. ती म्हणाली, लावलेल्या दाराला हात कसा लावावा, सर? याचं उत्तर आईकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा दार लोटलेलं होतं आणि पायरीवर झाकण घातलेला पाण्याचा तांब्या. गावात ती परसात कामाला गेली तरी ओट्यावर असाच तांब्या ठेवायची. घरात माणूस आहे, या, पाणी प्या, एवढा त्याचा अर्थ. आत बायका शेवयांच्या पिठाला हात लावून बसल्या होत्या, फक्त वाळवण उलटायला आळीपाळीनं परसात जात होत्या. खोली म्हणावी तशी गार होत नव्हती, दार सारखं उघडत होतं. मी तापमानाबद्दल बोललो नाही.

आखितीला आम्ही जीपनं गोरेगावला गेलो. आईनं घागर भरली, वडिलांना नैवेद्य दाखवला, घर झाडलं. मी विचारायचं टाळत होतो. दुपार कलल्यावर तिनं कडी लावली, कुलूप घातलं आणि ओढून पाहिलं. मग ओट्यावरचा पितळी तांब्या उचलला, उरलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि तो पिशवीत घातला.

"तुज्या घरचा तांब्या लई हलका हाये," ती म्हणाली. "वाऱ्यानं पडतो."

पिशवी मी घेतली. मागे कुलूप लावलेलं दार होतं, दिवसाढवळ्या. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. आई मात्र थांबून नीट बघून आली, आणि जीपमध्ये माझ्याआधी चढली.