परशुरामाने दिल्लीला घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या मसुऱ्यात गाऱ्हाणं घालावं तर परशुरामानेच. लग्न असो, नवी होडी असो, माझ्या लेकाने घेतलेला जुनापुराणा ट्रॅक्टर असो, परशुराम नारळ पुढ्यात ठेवून सगळ्यांच्या वतीने देवाला विनवतो आणि जमलेले लोक वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एरवी हा माणूस काजूबिया वेचतो आणि चार गोष्टी विचारल्या तर एकीचं उत्तर देतो. मी निवृत्त मास्तर, देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही. पण चाळीस वर्षांत त्याने कुणाचं वाईट मागितलेलं मी ऐकलेलं नाही, आणि हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

म्हणून महादूने भर बाजारात त्याला शिव्या घातल्या तेव्हा मी चाटच पडलो. महादू म्हणजे त्याचा शेजारी, लहानपणापासूनचा सोबती. महादूच्या मुंबईतल्या भावाने हापूसच्या कलमांच्या वाटणीवरून चिडून त्याला फोनवर एक गाऱ्हाणं पाठवलं होतं. महादूचं वाटोळं कर, त्याच्या बागेला मोहर धरू देऊ नकोस, असलं काहीबाही. आवाज परशुरामाचा, अगदी मधल्या खोकल्यासकट. कुठल्याशा कंपनीने जत्रेतले व्हिडिओ मशीनला ऐकवून तो उचलला होता आणि मुंबईकरांना घरबसल्या गाऱ्हाणी विकायला काढली होती. परशुरामाची पुतणी दीपिका हिने हे शोधून काढलं. महादूला पटलं नाही. मशीन कधी खोकतं काय, असं त्याने विचारलं. त्याने परशुरामाच्या घरचं पाणी सोडलं आणि परशुरामाने गाऱ्हाणं घालणंच सोडलं.

दीपिका गावात सेवा केंद्र चालवते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याचा मसुदा दिल्लीत तयार होतोय आणि समितीने लोकांकडून सूचना मागवल्यात, हे वाचून तिने काकाच्या नावाने अर्ज ठोकून दिला. तीन महिन्यांनी बोलावणं आलं. ओरोसच्या जिल्हा कचेरीत जाऊन पडद्यावरून दिल्लीशी बोलायचं होतं. पुरावा महादूच्या फोनमध्ये, म्हणून दीपिकाने हातापाया पडून त्यालाही आणलं. हिंदी बोलायला मी होतोच. महादू गाडीत तोंड खिडकीकडे करून बसला.

पडद्यावर समितीची सात माणसं होती. आधी कंपनीचा माणूस सफाईने बोलला. मशीन आम्ही स्वतः कसून तपासलं आहे, ते अगदी सुरक्षित आहे, असं त्याचं म्हणणं. मग दीपिकाने महादूच्या फोनमधलं गाऱ्हाणं लावलं. परशुराम ते पहिल्यांदाच ऐकत होता. तोच खर्ज, शब्द ओढण्याची तीच तऱ्हा, मध्येच तो खोकलासुद्धा. माणसाची अक्कल कुठवर पोचली, याचं भयही वाटलं आणि कौतुकही.

परशुरामाने डोळे मिटून ऐकलं. परत लावा म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकून तो हात जोडून उभा राहिला.

"म्हाराजा, ह्यात 'व्हय' पण माझ्याच आवाजात आसा," तो म्हणाला. "गाऱ्हाणा घालणारो कधी व्हय म्हणत नाय. ता लोकांनी म्हणूचा. लोकांका पटला नाय तर गाऱ्हाणा थंयच थांबता."

मी हिंदी करून सांगितलं. तो पुढे बोलला, "हे सायब म्हणतत, आमीच मशीन बनयला, आमीच तपासला. म्हणजे तेंचा तेंनीच व्हय म्हटला. कायद्यात एवढाच घाला. बनवणारो येगळो, व्हय म्हणणारो येगळो."

भाषांतर करताना मी अडखळलो. तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. अध्यक्ष बाईंनी ते वाक्य पुन्हा सावकाश सांगायला लावलं आणि स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. कायद्यात ते येईल की नाही, कोण जाणे. मसुदा अजून दिल्लीतच आहे.

मग बाईंनी महादूला विचारलं, फोनमधला आवाज या गृहस्थांचाच, असं तुमचं म्हणणं आहे का?

महादू उठला. खुर्चीची पाठ धरून परशुरामाकडे वळला.

"आवाज ह्येचोच आसा," तो म्हणाला. "पण बोललो तो ह्यो न्हय. माका पयलीच कळाक व्हया होता."

हे हिंदीत सांगायचं मी विसरूनच गेलो. चाळीस वर्षं सगळ्या गावासाठी मागणारा परशुराम तोंडावर पंचा धरून रडत होता, आणि मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं.