मुकी नसलेली आत्या

माझ्या आत्याला गाव मुकी म्हणे, पण ती मुकी नव्हती. आपण विचारलेलंच ती आपल्याला परत देई. "आत्या, जेवलंस काय?" म्हटलं की दुसरीकडेच बघत "जेवलंस काय" म्हणायची. भूक लागली की ती पदराचं टोक चुरगाळू लागे, त्यावरून आई ओळखायची.

दिवसभर ती मागच्या पडवीत काथ्याचं सुंभ वळत बसे. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. रापणीवाले मच्छीमार जाळ्यांसाठी तेच मागून नेत आणि जाताना म्हणत, "येडीच्या हाताक गुण आसा." गावाकडून तिला मिळालेलं कौतुक तेवढंच.

शिमग्यात अंगणात ढोल आले की ती कान दाबून किंचाळे. एका वर्षी तिला धरायला गेलेल्या मानकऱ्याच्या हाताला ती चावली. देवचार लागला असं ठरलं, तो उतरवायला घाड्याला बोलावलं. तो तिला वेताने मारत देवचाराला दटावी, "हिका सोड!" आणि आत्या रडत त्याचेच शब्द म्हणे, "हिका सोड, हिका सोड." शेवटी आई मध्ये पडली. "तिका ढोलाचो आवाज सोसत नाय. बाकी तिका काय एक झाला नाय." पुढे दर शिमग्यात ढोल यायच्या आत आई तिला घेऊन दूर किनाऱ्यावर जाऊन बसे.

मी दहा वर्षांची असताना आई तापाने गेली. आत्याने अन्न टाकलं. मुंबईच्या काकांनी येऊन तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरवलं. आईमागे ती फक्त मलाच हात धरू देई, म्हणून एस.टी.पर्यंत मला पाठवलं.

"आत्या, चल, फिरोक जाऊया."

"फिरोक जाऊया," ती म्हणाली आणि आली.

ती गाडीत बसल्यावर काकांनी मला उतरवलं. तिने खिडकीतून पाहिलं नाही. पुढच्या बाकाच्या नळीवरून बोट फिरवत राहिली. दोन वर्षांनी ती गेल्याचं पोस्टकार्ड आलं. दहन तिकडेच उरकलं होतं.

परवा नातवाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच्या वागण्याला नाव सांगितलं, ऑटिझम. यात कुणाचा दोष नसतो, काही माणसांची घडणच वेगळी असते, असं शांतपणे समजावलं. मग विचारलं, "घराण्यात आणखी कुणी होतं?"

"नाही," माझा मुलगा म्हणाला. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"होती," मी म्हटलं. "माझी आत्या, वत्सला. तिला गाडीत मीच बसवून दिलं."