सरड्याच्या गोष्टीचं उत्तर

मुलगी सहावीत असताना एका रविवारी सकाळी मी तिला मारलं. त्याआधीही मारायचो. पण त्या दिवशी रक्त आलं.

मी मूळचा निपाणीचा, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर काम करतो. पोरीला मराठी लिहिता यावं म्हणून बसवनगुडीत एका निवृत्त बाईंच्या घरी शनिवारी पाठवायचो. बाईंनी एक गोष्ट वाचायला दिली होती आणि खाली एकच प्रश्न: गोष्टीची मध्यवर्ती कल्पना कोणती?

गोष्ट छोटी होती. चार मुलं कुंपणावरच्या सरड्याला दगड मारतात. तिघं कंटाळून थांबतात. चौथा मेलेल्या सरड्यावरही दगड घालत राहतो, पार चेंदामेंदा होईपर्यंत. मग सगळे विहिरीवर पोहायला जातात, तर तो चौथा सदराच काढत नाही.

पोरीनं वहीत लिहिलं होतं, ‘त्याला घरी मारतात. म्हणून तो मारतो.’

"असं कुठं दिलंय?" मी विचारलं.

"सदरा काढत नाही ना. पाठीवर वळ असणार."

"मुक्या जीवांवर दया करावी, असं लिही."

"ते त्यात नाहीये, पप्पा."

"खोड ते."

"नाही खोडणार."

मला गोष्ट पहिल्या वाचनातच कळली होती. माझा बाप मला तंबाखूच्या वखारीतल्या दोरानं झोडायचा. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि ही पोर ते वहीत लिहून बसली होती.

मी स्टीलची पट्टी उचलली. मनगटावर मारली, खांद्यावर मारली. तिनं वही छातीशी घट्ट धरली. मी वही हिसकली, तशी पोरगी टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. तरी माझा हात पुन्हा वर गेला. बायकोनं मधेच पट्टी पकडली, तिचा तळवा कापला.

"बास करा! मारून टाकणार आहात का तिला?"

रिक्षावाल्या अण्णांनी काय झालं विचारलं, तर मी म्हणालो, "पडली." दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा पोरीनं स्पष्ट कानडीत सांगितलं, पप्पांनी मारलं. मला बाहेर काढलं. चार टाके पडले. पुन्हा मारणार नाही, असं पोलिसांनी माझ्याकडून लिहून घेतलं. बायको त्याच दुपारी तिला घेऊन होसकोट्याला भावाकडे गेली.

आठवड्यानं मी वही घेऊन बाईंकडे गेलो. झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी उत्तर वाचलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

"हेच."

"मग मला काय सांगताय? तिला सांगा."

होसकोट्याला मेहुण्यानं आत घेतलं नाही. पोरगी फाटकाशी आली. भुवईवर पट्टी होती.

"तुझं उत्तर बरोबर होतं," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

"मग मारलंत का?"

मी दोराचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "पण मी काय केलं होतं?" म्हणाली आणि आत निघून गेली.

तीन महिन्यांनी दोघी परत आल्या. पुन्हा हात उगारलास तर दोघींना कायमचं घेऊन जाईन, असं मेहुण्यानं बजावलं होतं. त्यानंतर मी तिला कधी मारलं नाही. आता ती दहावीत आहे. पंख्याचं बटण दाबायला मी हात वर केला, तरी ती अजून मान आत ओढून घेते.