देवसिंगचा मिटलेला डोळा

रुपीबाईच्या नवऱ्याचा चेहरा हिरवा होता. म्हणजे चित्रातला. खरा देवसिंग चांगला गव्हाळ, उंचापुरा गडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढायला गेला आणि बेपत्ता झाला. सरकारने तेवढंच कळवलं. पुढे पलटणीतला एक शिपाई दिग्रसजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर हे चित्र देऊन गेला, चहालाही थांबला नाही. हिरवा चेहरा, वाकडं नाक, एक डोळा उघडा नि एक मिटलेला. तांडा हसून हसून लोळला. हसणाऱ्यांचं काय जातंय! त्या चित्राने रुपीबाईचं सगळं आयुष्य अडकवून ठेवलं.

सासू जमनी म्हणायची, डोळा उघडा आहे म्हणजे लेक जिवंत आहे. रोज त्याच्या वाट्याची भाकर ती झाकून ठेवायची. नवरा गेला की बाईने दंडावरचा चुडा उतरवायचा, ही तांड्याची रीत. पण हा गेलाय असं म्हणायचं कुणी? म्हणून रुपीबाईचा चुडा दंडावर तसाच राहिला, आणि त्याखालचं कातडं दर उन्हाळ्यात सोलून निघू लागलं. शेजारच्या तांड्यावरचा विधुर पूनमसिंग तिच्याशी घर मांडायला तयार होता. चुडा उतरल्याशिवाय त्यालाही तोंड उघडता येईना. तिलाही तो हवा होता. हे ती स्वतःशी कबूल करायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

एकोणीसशे एकोणसाठच्या हिवाळ्यात पूनमसिंगच्या बैलगाडीतून नागपूरचे वझलवार आले. चित्रं पारखणं हेच त्यांचं काम. देवसिंगचं चित्र काढणारा त्याच्याच पलटणीतला सोबती पुढे मुंबईत मोठा चित्रकार झाला होता. तो नुकताच वारला, म्हणून त्याची चित्रं शोधत हे फिरत होते. त्यांनी चित्र अंगणात उन्हाला धरलं आणि भिंगातून न्याहाळलं.

"मले बाकी काही नको," रुपीबाई म्हणाली. "येवढंच सांगा साहेब, हे जित्या माणसाचं हाये का मेल्याचं?"

वझलवारांनी भिंग खाली घेतलं.

"हिरवा रंग चुकून लागलेला नाही, बाई. जंगलातल्या तापाने पोखरलेला माणूस त्याला तसाच दिसला. आणि हे बघा, मिटलेल्या पापणीखाली रंगाचा आणखी एक थर आहे. आधी दोन्ही डोळे उघडे होते. चित्रकार मला एकदा म्हणाला होता, देवसिंग तापाने ज्या सकाळी गेला, त्या सकाळी मी चित्रात त्याचा एक डोळा मिटवला. दुसरा मिटवायला हात चालला नाही. देह जंगलातच राहिला, म्हणून सरकारच्या कागदावर तो बेपत्ता."

रुपीबाईला रडू तर आलंच, पण रडता रडता तिला मोकळंही वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही. गाडीपाशी पूनमसिंग उठून उभा राहिला होता.

जमनीला शहरी मराठी कळत नव्हती. तिने सुनेची ओढणी ओढली आणि आपल्या गोरबोलीत विचारलं, "काय म्हणतो गं तो? माझा देवसिंग?"

रुपीबाईने म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहिलं. काल झाकलेली भाकर अजून चुलीपाशीच होती.

"याडी," आईला मारतात तशी हाक मारून ती गोरबोलीतच म्हणाली, "साहेब म्हणतात, जिवंत आहे."

पूनमसिंगला दोन्ही भाषा कळत होत्या. त्याने बैल जुंपायला घेतले.

म्हातारी आनंदाने रडली. तिने लेकाच्या हिरव्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, मग सुनेचे दोन्ही दंड हातात घेऊन चुडा निरखून पाहिला.

"फार जुना झाला गं," ती म्हणाली. "उद्या दिग्रसच्या बाजारातून नवा घेऊ. चांगला घट्ट बसेल असा."