गरुडाचे पंख आणि बारीक तार

"दाब किती, धारा किती, रोध किती? तिन्ही सांगा, मग रडा!"

घोडपदेवच्या आमच्या चाळीत कोणाचा दिवा मंदावला की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कठड्यावर बोटांची पेरे आपटून हे विचारीत. त्या शाळेत विज्ञान शिकवीत. निवृत्तीनंतर अख्खी चाळ त्यांचा वर्ग झाली.

हल्ली जो तो सांगतो की, गणपतीत बाईंनी मोटर बदलून गरुड हलवला. धादांत खोटे! मोटर तीच होती. मीटर माझ्या हातात होता. सांगणारे तेव्हा वडापाव आणायला गेले होते.

देखाव्यातल्या गरुडाने आरतीला पंख उघडायचे होते. मोटर नुसती घुमत होती, फिरत नव्हती. मंडळाच्या सेक्रेटरीने ती तारेपासून सोडवली आणि तारेच्या टोकाशी दाब मोजून घेतला. पूर्ण दोनशे तीस.

"बाई, व्होल्टेज पुरा येतोय. मोटरच मेली. यंदा गरुड झाकून ठेवू."

"मोटर सोडवून काय मोजतोस? धाराच वाहत नाही, तर तार खाणार काय? नाना, जोडून मोजा."

मी मोजले. काटा एकशे साठपाशी आला. तारेचे वेष्टण कोमट लागत होते.

"धारा गुणिले रोध, तेवढा दाब वाटेतच संपला," बाई म्हणाल्या. "तार लांब म्हणून रोध जास्त; बारीक म्हणून आणखी जास्त."

ती तार मंडळाच्या पहिल्या वर्षी चाळीतल्या गिरणी कामगारांनी ओढलेली. अंगणापलीकडून वीज तिच्यातूनच आणायची, हा मंडळाचा मान. देखावे वाढत गेले, तार तीच राहिली.

"आजोबांची तार आहे, काढणार नाही," सेक्रेटरी अडला.

"काढ कोण म्हणतंय? तिच्यावर बाप्पापुढचा एक छोटा बल्ब लाव. धारा थोडी, तोटा थोडा. गरुडाला जाड तार दे. तुमची श्रद्धा जाड आहे रे, तार बारीक आहे!"

जाड तार ओढली. आरती सुरू झाली, मी बटण दाबले आणि गरुडाने दोन्ही पंख असे उघडले की पुढची रांग मागे सरली. चाळ दणाणली.

त्या वेळी बाई रडल्या, असेही कोणी सांगतात. साफ खोटे. त्या कठड्यावर पेरे आपटून ओरडल्या, "नाना, काटा बघा!" काटा दोनशे तीसवरून जेमतेम ढळला होता.

आता तो कठडा रिकामा असतो. जुन्या तारेवरचा बल्ब मात्र दर वर्षी लागतो. आरतीपूर्वी मी खालूनच खांबावर पेरे आपटतो, "दाब किती?"

"पुरा, नाना! मोटर जोडून मोजलाय!" पोरे ओरडतात, आणि गरुड पंख उघडतो.