गाभण्यांची वाट

कोकरडोंगर म्हणजे काही हिमालय नव्हे. सोलापूरहून तुळजापूरच्या अंगाला निघालं की बालाघाटाचे बुटके फाटे लागतात, त्यातलाच एक. माथ्यावर बिरोबाचं ठाणं. धडधाकट गडी घोडवाटेने तासाभरात वर पोचतो आणि पुढे वर्षभर त्याच्या बढाया मारतो. घोडवाट हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे. घोडा त्या वाटेने गेलाच नसता, त्याला अक्कल असते.

मायाक्काला या बढायांचा वीट आला होता. ती मूळची मंद्रूपची. निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलं. नवरा वारल्यावर कळप विकून भवानी पेठेत मुलाकडे राहायला आली. मुलगा आणि सून केराबाई दोघंही गिरणीत. केराबाईला लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा ती बिरोबाला नवस बोलून बसली होती: लेकीचं जावळ तुझ्या दारात काढीन, माझ्या मांडीवर बसवून.

पण एकतीस सालच्या जत्रेत बनाबाई नावाची शेजारीण कडेवरच्या पोरासकट घोडवाटेवरून घसरली. पोर वाचलं, बाईचा पाय मोडला. पुढच्या साली जत्रेआधी भावकी बसली आणि मायाक्काच्या धाकट्या दिराने, गुंडाने, निकाल देऊन टाकला.

"औंदा बायका-पोरं पायथ्यालाच ऱ्हातील. केराबाईच्या पोरीला आमी वर न्हेतो आन जावळ काढून आनतो."

"आन भुकंनं रडली तर पाजनार कोन? तुमी?" मायाक्का म्हणाली.

भावकी खो खो हसली. गुंडा हसला नाही. "वैनी, बनाबाईचा पाय बघितलासा न्हवं?"

"बघितला की. पायात खोट न्हाय, वाटंत हाय."

दुसरी वाट होती, आणि तिथे बसलेल्या प्रत्येक पुरुषाला ती ठाऊक होती. गाभण मेंढ्या घोडवाटेने नेत नाहीत. उभ्या चढाने गाभ जातो. त्यांची वाट डोंगराला वळसे घेत जाते. तिप्पट लांब, पण गुडघ्यावर हात टेकायची पाळी कुठे येत नाही. पुरुषांनी ती सोडली होती ती एकाच कारणाने, त्या वाटेने दिसलो तर लोक गाभणी म्हणतील.

"मी न्हेते समद्यास्नी," मायाक्का म्हणाली. "उनं डोक्यावर यायच्या आत पोचलो न्हाय, तर पोरगी तुमी न्हेवा, मी तोंड उघडनार न्हाय. पोचलो, तर बायका दरसाली येनार."

गुंडाने मान डोलावली. हरण्याची त्याला शंकाच नव्हती.

जत्रेदिवशी उजाडताच पुरुष हात हलवत घोडवाटेला लागले. भाकरीच्या पाट्या अर्थातच बायकांच्या डोक्यावर. अकरा बायका, चौदा पोरं. गिरणीत दहा-दहा तास उभं राहून बायकांचे पाय राठ झाले होते, पण चढाची सवय कुणालाच उरली नव्हती. मायाक्काने काठी टेकत चालणाऱ्या बनाबाईला पुढे घातलं.

"हिच्याम्होरं कुनी जायचं न्हाय. बोलता येतंय तवर चालायचं. बोलनं तुटलं की बसायचं."

"मंग सारजा कदी बसायचीच न्हाय!" कुणीतरी म्हणालं, आणि सारजाबाईसकट सगळ्या हसल्या.

वाट चुकण्याची भीती नव्हती. दोन्ही बाजूंच्या काट्यांना लोकरीचे पुंजके लटकत होते, त्यांच्यामागून जायचं. दोन वळणं बोलत-बसत सरली. केराबाईची लेक कडेवरून पाट्यांतल्या भाकरीकडे हात करत होती. तिसऱ्या वळणावर मात्र सगळ्या थबकल्या.

बोरी-बाभळी एकमेकींत गुंतून वाटेवर कमान झाली होती. खाली वाट स्वच्छ होती. पण मेंढीच्या पाठीएवढीच उंच. पोरं ओरडत त्या बोळातून पार झाली. डोक्यावर पाटी, कडेवर पोर घेऊन रांगणार कशा? बायका उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, आता?" केराबाईने विचारलं.

"आता काय? चुकले मी," मायाक्का म्हणाली. "मेंढरं ह्यात हाकायची आन आपन त्या खडकावरनं पल्याड उतरायचं. मी सवता ह्यातनं कदी गेलेच न्हाय."

खडक तिने बोटाने दाखवला. लेकुरवाळीने त्याकडे नुसतं बघावं, असाच तो होता.

"मंग माघारी फिरायचं?" सारजाबाई म्हणाली.

"तेवढंच ऐकायला भावजी वर बसल्यात. पाट्या खाली ठेवा. जळनाचा इळा कुनाकडं हाय?"

विळा एकच होता. एकीने पदर हाताला गुंडाळून फांदी वाकवायची, दुसरीने कापायची, तिसरीने ओढून दरीत टाकायची. हात ओरबाडले, लुगडी फाटली. बनाबाई बसल्या बसल्या काठीने फांद्या रेटत राहिली. ऊन चढत गेलं. निम्मी कमान तोडून झाली, लोंबलेल्या फांद्यांनी खालचा बोळही बुजला, आणि विळ्याची मूठ निसटली. मायाक्काने दगडाने ठोकून ती बसवली. पुन्हा निसटली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "वैनी! भाकरी कुटं हायत? मान्सं उपाशी मराय लागली की!"

गुंडा वरून गाभण्यांच्या वाटेनेच उतरून आला होता. पोटापुढे लाज टिकत नाही.

"हितं हायत, काट्यांच्या अल्याड," मायाक्का म्हणाली.

"उनं आली की डोक्यावर. पोरगी द्या हिकडं, बोली झालीया."

"द्यायला कवा न्हाय म्हनले? पन कशी देऊ? वाट कुटं हाय? कुऱ्हाड हाय का हातात?"

"हाय."

"मंग या की तोडत."

गुंडाने बाह्या सारल्या. मग कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागले. पुरुषाच्या हातात धारेची कुऱ्हाड असली की काम लवकर होतं, हे मान्य करायला हवं. शेवटची बोर आडवी झाली आणि घामाने निथळत त्याने मुलीसाठी हात पुढे केले.

मायाक्का मध्ये उभी राहिली. "आता कशाला? वाट झाली की. तिची आई येती चालत."

गुंडाने तोडलेल्या फांद्यांकडे बघितलं, वर सूर्याकडे बघितलं. "पन बोली..."

"सावली बघा की. अजून वीतभर हाय."

खरोखरच वीतभर होती, आणि माथा एकाच वळणावर. तो बाजूला झाला. बनाबाई काठी टेकत त्याच्यासमोरून पुढे गेली, तिच्यामागे केराबाई, मागे भाकरीच्या पाट्या. पाट्यांमागे गुंडा.

सावली पायाखाली शिरायच्या आत सगळ्या वर पोचल्या आणि केराबाईने लेकीला मांडीवर घेतलं. न्हाव्याचं पाणी लागताच पोरीने टाहो फोडला आणि ती आईला बिलगली. जावळ निघालं.

मायाक्का ते बघायला थांबली नव्हती. गुंडाची कुऱ्हाड घेऊन ती तिसऱ्या वळणावर परतली होती. उतरताना पोरं पेंगून बापांच्या खांद्यावर असणार, म्हणजे कमान अजून हातभर उंच तोडायला हवी.